तरपेवाल्याचं वेगळं खोपट

शके एकोणीसशे पस्तीस, मार्गशीर्ष महिना. भात झोडून कणगीत पडलं होतं. डोंगराआडच्या एका पाड्यावर त्या सालीही कुणी दाराला कुलूप लावलं नव्हतं.

पूर्वी असं नव्हतं. दिवाळी सरली की सगळा पाडा दारांना कुलपं लावून, पोरंबाळं घेऊन वीटभट्टीवर मजुरीला जायचा. मग म्हाताऱ्या जिवलीच्या सांगण्यावरून पाड्याने पाहुण्यांसाठी खोपटं बांधली. शहरातले लोक येत, पाळीपाळीने घराघरांत नागलीची भाकर खात, अंगणात तरप्यावरचा नाच बघत. पैसा सगळ्यांत वाटला जाई.

तरपा, म्हणजे दुधी भोपळ्याचं लांब फुंकवाद्य, शिणवार नावाचा गडी वाजवायचा. त्याच्या तोडीचा वाजवणारा आसपास नव्हता, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

एक दिवस पाहुणे आणणारा दलाल त्याला म्हणाला, "लोक येतात ते तुझा तरपा ऐकायला. बाकीचे नुसते तुझ्यामागे फेर धरतात. त्यांना वाटा कशाला?"

बोलणं शिणवारच्या डोक्यात बसलं. त्याने आपल्या माळावर वेगळं खोपट काढलं. पाड्यात सावडीची रीत होती. आज तुम्ही माझ्या कामाला, उद्या मी तुमच्या. घरटी माणूस आला. कुडाच्या भिंती उभ्या राहिल्या, छप्पर शाकारून झालं. दुसऱ्याच दिवशी शिणवारने पाहुणे परस्पर तिकडे वळवले.

जिवली तडक माळावर आली. "पोरा, पाळी मोडलीस."

"आये, फुंक माझी आहे. नाचायला पाय काय, कुणाचेही चालतील."

"मग बघ कुणाचे चालतात," ती म्हणाली आणि गेली.

पाड्यातलं कुणी नाचायला आलं नाही. शिणवारने बाजारातून रोजंदारीची माणसं आणली. तरप्याचा सूर बदलला की पाड्याचे पाय आपोआप बदलत. या माणसांना ते कुठून कळणार? हातांची साखळी तुटली, दोघे-तिघे एकमेकांवर पडले. पाहुणे हसले आणि मोबाइलवर चित्रण करून घेऊन गेले.

ते शहरभर फिरलं. तिथला नाच भाड्याचा, असं लोक म्हणू लागले. शिणवारचं खोपट ओस पडलं, आणि पाड्याची खोपटंही.

पुढच्या दिवाळीनंतर दारांना कुलपं लागली. भट्टीवाल्याचा ट्रक आला. शिणवार मान खाली घालून ट्रकच्या हौद्यात बसला होता. जिवली गाठोडं घेऊन वर चढली.

"आये, या वयात तू कशाला?"

"तुझा तरपा ऐकायला," ती म्हणाली. "सरक, बसू दे."

जिवली भट्टीवरून परत आली नाही.

आषाढात भाताची लावणी सुरू झाली. शिणवार कुणी न बोलावता एकेका घराच्या शेतातल्या चिखलात उतरला. कुणी त्याला हटकलं नाही, कुणी भाकरही विचारली नाही. शेवटी जिवलीचं खाचर राहिलं. तिच्या सुनेने रोपांच्या जुड्या बांधावर ठेवल्या आणि ती तोंड फिरवून घरात गेली.

शिणवारने खाचर लावून काढलं. सावड फिटली.

तात्पर्य: सगळ्यांनी मिळून उभं केलेलं ज्याने एकट्याचं म्हटलं, त्याने ते सगळ्यांचंच घालवलं.