दर्याला धाडलेला हुकूम

आषाढ सरता सरता ते बंदर धुक्यात असं तरंगायचं, की किनारा कुठं संपतो नि दर्या कुठं सुरू होतो, हे गलबतांनाही उमगू नये. तिथल्या सुभेदार रंगरावांना पैलतीरावर मेजवानीला जायचं होतं. नारळी पौर्णिमेला पंधरा दिवस होते, आणि दर्याला नारळ दिल्याशिवाय तिथं कुणी होडी लोटत नसे.

म्हाताऱ्या धाकू तांडेलानं डोळे मिटून वारा तोंडावर घेतला. वारा ओला होता, थेट किनाऱ्याकडे येणारा.

"सरकार, आज निघालो तर माझे बारा खलाशी परत यायचे नाहीत."

"माझ्या मुलखात माझ्या हुकमाशिवाय पानही हलत नाही!" सुभेदार गरजले. "होडी लोटा!"

"मग दर्यालाही हुकूम धाडा, सरकार," धाकू हात जोडून म्हणाला. "नाहीतर त्याला कळायचं कसं?"

सुभेदारांना ते पटलं. त्यांनी लिहवलं, 'पौर्णिमेपर्यंत जागचे हलू नये.' वर लाखेची मोहर उठवली.

धाकूनं तो कागद नारळाला बांधून पाण्यात फेकला. रुपेरी पाण्यावर झुलत, झोपेत चालल्यासारखा नारळ दूर गेला, क्षणभर धुक्यात विरघळला, आणि एका लाटेनं त्याला अलगद आणून सुभेदारांच्या जोड्यांपाशी ठेवलं. तीनदा फेकला, तीनदा परत आला.

धाकूनं तो उचलून अदबीनं सुभेदारांपुढं धरला.

"सरकार, दर्या म्हणतो, हा हुकूम तुम्हालाच लागू आहे. पौर्णिमेपर्यंत जागचे हलू नये."