कोंबडी आणि रिकामी टोपली

टोपल्यांना वाचा होती त्या काळी एक खुडूक कोंबडी टोपलीत अंड्यांवर बसली होती. विजेनं अंडी नासू नयेत म्हणून टोपलीत लोखंडाचा तुकडा ठेवतात, तो ठेवायलाच मालकीण विसरली. वीज कडाडली आणि सगळी अंडी नासली. मालकिणीनं ती उकिरड्यावर टाकली, तरी कोंबडी रिकाम्या टोपलीतच बसून राहिली. दाण्याला शिवेना.

"ऊठ गं बाई, मरशील अशानं," टोपली म्हणाली.

"तुला काय कळतंय? तुला ना पोट, ना पोर!"

"खरंय. पण तू बसलीस म्हणून मला ऊब कळली. एरवी मी अडगळीतच."

कोंबडी पोटभर रडली. अंडी काही परत येणार नव्हती. मग खाली उतरता उतरता ती हळूच म्हणाली, "तू होतीस म्हणून रडायला जागा तरी मिळाली गं."