रंगवलेलं जस्त

कोळ्यांच्या सोसायटीची एक लोखंडी बोट होती. तिच्या बुडाला जस्ताचे ठोकळे निवडून लावायचं काम रेवती तांडेलकडे होतं. खारं पाणी आधी जस्त खातं, म्हणून लोखंड वाचतं. पण झिजलेले ठोकळे दिसले की अध्यक्ष दामोदरशेठचा पारा चढे. "वर्षभरात विरघळला? कसला भिकार माल निवडलास!" म्हणत त्यांनी नव्या ठोकळ्यांना जाड तेलरंग फासायला लावला.

"शेठ, जस्ताला पाणी लागलं नाही, तर पाणी बोट खाईल," रेवती कळवळून म्हणाली. पण तिचं ऐकतो कोण?

वर्षानं बोट किनाऱ्यावर ओढली. ठोकळे जसेच्या तसे! शेठनी गाव गोळा केला. "बघा, नखभरही झिजले नाहीत. रेवती, आता चारचौघांत माफी माग."

रेवतीनं हातोडी उचलून बुडावर हाणली. गंजलेला पत्रा फुटून हातोडी आत गेली.

"मागते की, शेठ," ती म्हणाली. "राखणदाराच्या अंगावर ओरखडा नाही. घर तेवढं लुटलं गेलं."

माणसं खो खो हसली. शेठ मान खाली घालून निघून गेले. मग एकेकाचं हसू विरलं. मासेमारीचा हंगाम तोंडावर आला होता, आणि गावाकडे दुसरी बोट नव्हती.