बारा पोरं, दोन टॉर्च

“ही घेऊ की ती? एवढंच सांगा, बाबा. पोरं खोळंबलीत.”

मकरंद पोतनीसने दोन्ही टॉर्च दगडावर ठेवल्या. बोटाएवढ्या.

मागे कॉलेजची बारा पोरं किल्ल्याच्या भुयाराशी उभी होती. भुयार सरळसोट, कुठे फाटा नाही; आत मात्र भर दुपारी काळोख. आत एकच उजेड, तोही आपल्याच हातात, हा मकरंदचा नियम. पोरांचे मोबाईल पिशवीत जमा.

तोंडाशी बसलेले रतनगीर गोसावी चिलीम कोरत राहिले. चाळीस वर्षं ते लोकांना इथून पार नेत होते. ते ‘जा’ म्हटल्याशिवाय गावकरी कोणाला आत सोडत नसत.

“ही प्रखर आहे. पण चाळीस मिनिटांत तापते, मंदावते. ती नऊ तास चालते, पण उजेड पाव. दोन्ही बुरुजावरून टाकून पाहिल्या. बादलीत बुडवल्या. हा बघा तक्ता!”

“आणि मागच्या खेपेला आत पडली, त्या पोरीचा पाय?”

मकरंदने घड्याळ पाहिलं. तक्त्यात केतकीचं नाव कुठेच नव्हतं.

“प्लास्टर आहे अजून... त्या वेळची टॉर्च भिकार होती.”

“विझली?”

“विझली नाही. कमी पडली.”

“तुला लागलं?”

“मला? नाही.”

“ती कुठं होती?”

“माझ्या मागं. सगळेच मागं असतात. लीडर आहे मी!”

गोसावी उठले. प्रखर टॉर्च लावली आणि आत शिरले.

“ये.”

मकरंद मागोमाग निघाला. तिसऱ्याच पायरीला अडखळला, भिंतीवर आदळला.

“अहो, थांबा! पायाखालचं काही दिसत नाही. तुमची सावली पडतेय.”

“टॉर्च भिकार असेल.”

...

दोघं बाहेर आले. मकरंदचं कोपर सोललं होतं. पोरांतून कोणीतरी खुदकन हसलं. तक्त्याचा कागद त्याच्या मुठीत चुरगळत होता.

“मग... कोणती घेऊ?”

“कोणतीही. उंच धर, आणि सगळ्यांच्या मागून चाल.”

“मागून? मी? बाबा, या पोरांत वाट फक्त मला माहीत आहे!”

गोसाव्यांनी टॉर्च त्याच्या हातात ठेवली.

“म्हणून तर.”