राजा अरिंजयाची दाढ

एका राज्यात, जिथे ढग खाली उतरून तळ्यावर पाणी पीत आणि पोपट न्यायसभेत साक्षीला उभे राहत, अरिंजय नावाचा राजा राज्य करीत होता. सात लढाया त्याने जिंकल्या होत्या. पिसाळलेला हत्ती त्याने एकट्याने माघारी वळवला होता. पण एका गोष्टीचे त्याला भय होते. आपले तोंड तो कुणाही वैद्यापुढे उघडत नसे.

या भयाचे मूळ राजवाड्याच्या कोठारात होते. राजाच्या आजोबांनी शंखपाद नावाच्या जादूगाराच्या गुहेतून एक सोन्याचा मधुकुंभ बळजबरीने आणला होता. त्यातला मध कधी संपत नसे. कुंभ उचलला गेला तेव्हा शंखपाद म्हणाला होता, "हा मध तोंडात घोळवीत जो निजेल, त्याच्या दाढेत काळी अळी घर करील. ती दाढ पोखरील आणि कानात भय ओतील. जबरदस्तीने काढू जाल, तर ती अधिकच खोल जाईल." आजोबा हसले, मध खात राहिले, आणि चाळिशीत त्यांच्या तोंडाचे बोळके झाले. राजाच्या पित्याचेही तसेच झाले. आणि अरिंजय? तो तर लहानपणी बोट मधात बुडवल्यावाचून निजतच नसे.

नऊ वर्षांचा असताना त्याची दाढ दुखली. राजवैद्याने एक शब्द न बोलता चौघांकडून त्याला धरवले आणि चिमटा घातला. दाढ तुटली, अळी आत गेली. त्या दिवसापासून ती कुजबुजू लागली, "तोंड उघडू नकोस. उघडलेस की धरतील."

त्यानंतर तीस वर्षे गेली. एका उन्हाळ्यात राजाचा गाल भोपळ्यासारखा सुजला. जबडा आवळला. दोन घास पेज जाईना, मग शब्द कुठून फुटणार? आणि नेमके त्याच वेळी शब्दांची गरज होती. राज्याच्या माथ्यावर मोठा जलाशय होता. त्याचे दगडी जलद्वार वर्षातून एकदा, वैशाखी पौर्णिमेला उघडत असे, आणि तेही राजाने स्वमुखाने सात शब्द स्पष्ट उच्चारले तरच. एक अक्षर अडखळले, तर द्वार वर्षभर बंद. खाली चाळीस गावांची शेते भेगाळून पडली होती. पौर्णिमेला अकरा दिवस उरले होते.

प्रधान विश्वंभर घाईचा माणूस. त्याने सहा मल्ल बोलावले. मल्लांनी राजाला धरले, राजाने तिघांना भिंतीवर आदळले, आणि अळी आणखी खोल गेली. आता राजाने शयनगृहाचे दार आतून लावून घेतले.

तेव्हा समुद्रकाठच्या गावातून भिवरा नावाची दंतवैद्य आली. वय चाळिशीच्या पुढचे, हात लहान, बोलणे थोडे. तिने बंद दारापाशी बसून म्हटले, "महाराज, मी आत येत नाही. फक्त विचारते. कुठे दुखते?"

बऱ्याच वेळाने दाराखालून एक कागद सरकला. त्यावर लिहिले होते, "डावीकडे, खाली. पण तू मला धरशील."

"धरणार नाही," भिवरा म्हणाली. "आधी या शापाची गाठ कुठे आहे ते पाहून येते."

ती शंखपादाच्या गुहेत गेली. जादूगार इतका म्हातारा झाला होता की त्याच्या दाढीत गवत उगवले होते. सारे ऐकून तो म्हणाला, "जबरदस्तीने लागलेला शाप जबरदस्तीने सुटत नाही. तीन तोंडे उघड. डोहातल्या मगरीचे, सुळक्यावरच्या राक्षसिणीचे आणि तुझ्या राजाचे. कुणाला बांधायचे नाही. कुणाला फसवायचे नाही. थांब म्हटले की थांबायचे. एकदा जरी चुकलीस, तरी अळी जन्माची राहील."

"मान्य," भिवरा म्हणाली.

पहिल्यांदा ती डोहावर गेली. मगरीच्या दातांत वर्षभर एक हाड अडकले होते, आणि वेदनेने ती जवळ येईल त्याला फाडत होती. काठावर एक टिटवी हिंडत होती. ती मनुष्यवाणीने बोलली, "मागे फिर, बाई. मगरीचे दात साफ करणे माझे काम. पण आता ती मलाही जवळ येऊ देत नाही."

भिवरा पाण्याच्या कडेला बसली. तिने आपला आरसा, अंकुश, कापूस, सारे एकेक करून वाळूवर मांडले. "हा आरसा. याने फक्त बघायचे. हा अंकुश. याने हाड हलवायचे. तुला नको वाटले, तर शेपटी आपट. मी हात काढून घेईन." एक दिवस मगर नुसती पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने जबडा उघडला. पाच वेळा शेपटी आपटली, पाच वेळा भिवराने हात काढला. सहाव्यांदा हाड निघाले. मगरीच्या डोळ्यांतून पाणी आले, आणि ते खरे होते.

"मी तुझ्याबरोबर येते," टिटवी म्हणाली. "असे हात मी पाहिले नव्हते."

सुळक्यावरची राक्षसीण शंभर वर्षे तोंडावर पदर धरून बसली होती. तिच्या बागेत लवंगेचे झाड होते, आणि कळ्या तोडायला येणाऱ्याला ती दगड मारून हाकलत असे. भिवराला पाहून तिने दगड उचलला. टिटवी तिच्या डोक्यावरून घिरट्या घालत ओरडली, "ही चोर नाही! ही दात बघणारी आहे!"

दगड तसाच हातात राहिला. राक्षसीण पदराआडून म्हणाली, "माझ्या तोंडाला दुर्गंधी येते. तू हसशील."

"दुखणे आहे, माते. दुखण्याला कोण हसते?"

राक्षसिणीने पदर सोडला. दुर्गंधीने झाडाची पाने मिटली. टिटवी दूर उडाली. भिवराने मात्र चेहरा फिरवला नाही. दोन दिवस खपून तिने शंभर वर्षांचा थर खरवडला, हिरड्या मिठाच्या कोमट पाण्याने धुतल्या आणि बाभळीची काडी कशी चावून मऊ करायची, कशी फिरवायची ते दाखवले. "सकाळी एकदा. निजताना एकदा. निजतानाची तर चुकवूच नकोस."

राक्षसीण शंभर वर्षांनी हसली, आणि त्या आवाजाने तीन डोंगरांवरची पाखरे उडाली. तिने ओंजळभर लवंगा दिल्या. "यांचे तेल लावलेस तर वेदना झोपी जाते. जा, तुझ्या राजाला वाचव."

आठव्या दिवशी भिवरा राजवाड्यात परतली. मल्ल दाराशी उभेच होते. तिने त्यांना घरी पाठवले. मग दाराबाहेर बसून तिने राजाला मगरीची आणि राक्षसिणीची हकीकत सांगितली. टिटवीने मध्येच टोकले, "चार नाही, पाच वेळा शेपटी आपटली. मी मोजत होते."

दारामागे काहीतरी घरघरले. राजा हसायचा प्रयत्न करीत होता. मग कडी निघाली.

भिवराने त्याला खिडकीजवळ, उजेडात बसवले. राजाच्या देखत हात गरम पाण्याने धुतले, हत्यारे उकळत्या पाण्यातून काढली. "महाराज, हा आरसा. हे लवंगेचे तेल, थोडे झोंबेल, मग बधिर वाटेल. हा चिमटा. याने दाढ ओढताना दाब वाटेल, कुरकुर ऐकू येईल. दुखले किंवा भय वाटले, तर डावा हात वर करा. मी थांबेन."

राजाने पाटी ओढून लिहिले, "नक्की?"

"नक्की."

त्याने तोंड उघडले. अळी आत किंचाळली, "धरतील! धरतील!" राजाच्या कपाळावर घाम फुटला, पण जबडा उघडाच राहिला. तेल लागले. वेदना झोपी गेली. चिमटा दाढेला लागला, दाढ हलली, कुरकुरली, आणि तिच्या मुळाशी अळीचे काळे डोके दिसले. दाढ अर्धी वर आली.

तेवढ्यात राजाचा डावा हात वर गेला.

"ओढ!" दाराशी उभा राहून पाहणारा प्रधान विश्वंभर ओरडला. "बाई, ओढ! निघालीच आहे! चाळीस गावे आहेत!"

अळीही त्याच आवाजात ओरडली, "ओढ! ओढ ना!" कारण तिला ठाऊक होते, आता ओढली तर ती जन्माची राहणार.

भिवराने चिमटा सोडला. हात मांडीवर ठेवले आणि ती थांबली.

दाढ अर्धी वर, अर्धी आत. राजा तिच्या रिकाम्या हातांकडे पाहत राहिला. तीस वर्षे तो ज्याला भीत होता, ते झालेच नाही. त्याने हात वर केला आणि जग थांबले. त्याचे खांदे हळूहळू खाली आले. मोठा श्वास सुटला. आणि कानातली कुजबुज बारीक होत, होत, विझली.

राजाने हात खाली घेतला. अर्ध्या बधिर तोंडाने तो म्हणाला, "चालू दे."

दाढ आली. अळी तिच्याबरोबर आली, उजेड लागताच राखेची चिमूट झाली, आणि टिटवीने पंख झटकून ती खिडकीबाहेर उडवली. कोठारात मधुकुंभातला मध आटून कुंभ कोरडा ठणठणीत पडला. राजाने तो त्याच दिवशी शंखपादाकडे परत धाडला, सोबत आजोबांच्या वतीने क्षमेचे पत्र.

"कापूस दाबून धरा," भिवराने सांगितले. "आज चूळ भरू नका. उद्यापासून मिठाचे कोमट पाणी. गरम काही नको." राजाने सारे पाळले. तिसऱ्या दिवशी सूज उतरली.

पौर्णिमेच्या सकाळी चाळीस गावांची माणसे जलाशयाखाली जमली होती. अरिंजय जलद्वारापुढे उभा राहिला. त्याने तोंड उघडले, पूर्ण उघडले, आणि सात शब्द असे उच्चारले की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनाही ऐकू गेले. दगड थरथरला. द्वार कण्हत बाजूला झाले. पाणी गर्जत खाली आले, पाटांतून धावले, भेगांत शिरले, आणि माणसे गुडघाभर पाण्यात नाचू लागली. नगारे वाजले. राक्षसिणीचे हसू दूर सुळक्यावरून ऐकू आले.

राजाने प्रत्येक गावात दंतशाळा उघडली. भिवराचे तीन नियम तिथल्या दारावर कोरले: आधी सांगा, मग दाखवा, हात वर होताच थांबा. दर सहा महिन्यांनी राजा स्वतः, काही दुखत नसतानाही, खिडकीजवळच्या त्या आसनावर बसे.

आणि पुढच्याच वर्षी प्रधान विश्वंभराची सुळ्याजवळची दाढ ठणकू लागली. दोन दिवस तो राजवाड्यात दिसेना. शेवटी राजानेच त्याला हाताला धरून आणले, आसनावर बसवले आणि स्वतः बाजूला पाट घेऊन बसला. प्रधानाचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"भिऊ नका, प्रधानजी," राजा म्हणाला. "हात वर करा. ती थांबते. मी पाहिले आहे."