शिवलेलं कफन

दादूमियाँ वारला आणि त्याचा चाळिसाव्या दिवसाचा विधी होण्याआधीच खुर्शीदखान जहागीरदाराचा डोळा त्याच्या विहिरीवर गेला. विधवा जैबुनबी काही विहीर देईना.

एका धुकट संध्याकाळी ती पाणी शेंदत होती. रातकिडे एकाएकी गप्प झाले आणि काठावर कफनातली एक आकृती उभी राहिली. तोंड झाकलेलं, आवाज मातीखालून आल्यासारखा.

"जैबुन, विहीर जहागीरदारांना देऊन टाक. तोवर मला कबरीत चैन नाही."

जैबुनबीने भरलेली कळशी काठावर टेकवली. मग तिची नजर त्या पांढऱ्या बाह्यांवर गेली.

"अहो, आपल्या रीतीप्रमाणे बिनशिलाईच्या कापडात गुंडाळून निरोप दिला तुम्हाला," ती म्हणाली. "मग बाह्या शिवायला कबरीत शिंपी कुठला भेटला?"

आकृती जागीच थिजली. जैबुनबीने आवाज खाली आणला.

"आणि जहागीरदारसाहेब, तुमच्या मागे जे उभे आहेत ना, त्यांच्या कफनाला मात्र एकही टाका नाही."

मागे वळून बघायची हिंमत काही जहागीरदाराला झाली नाही. तो जो पळाला, तो पुन्हा त्या वाटेला फिरकला नाही.

मागे खरंच कोणी होतं का, असं गावाने तिला विचारलं.

"होते की," जैबुनबी म्हणाली. "तहानले होते, पाणी पाजलं."