एका पायावरची सकाळ

त्या राज्यात पाणी एका जागी राहत नसे. वर्षातून एकदा ते डोंगरांपलीकडे निघून जाई आणि करकोच्यांच्या थव्याला त्याच्यामागून जावे लागे. जाणे टळत नसे. कसे जायचे, एवढेच ठरवायचे असे.

पुष्कळ वर्षे ते दिगंबर ठरवत असे. निघण्याआधी महिनोन्‌महिने तो नदीकाठच्या वाळूत चोचीने एक लांब रेघ ओढत बसे. रेघेवर प्रत्येक मुक्काम असे, कोणत्या दिवशी वारा कुठून येणार हे असे, कुठे चार दिवस अंग टाकून पडायचे तेही असे. रेघ पुरी झाली की थव्यातली वडीलधारी मंडळी तिच्यावर आपापल्या पंजाचा ठसा उमटवीत. ठसे पडल्यावर रेघ बदलत नसे. दिगंबरची मुलगी शलाका त्या रेघेच्या कडेकडेने चालतच मोठी झाली होती.

एका वर्षी, पुढे पाहून आलेल्या दोघा करकोच्यांनी सांगितले की रेघेवरचे तिसरे तळे आटले आहे. वळावे का, अशी कुजबुज झाली. दिगंबर म्हणाला, रेघेत तळे आहे आणि रेघेवर ठसे आहेत. थवा तळ्यावर उतरला. तिथे भेगाळलेला चिखल होता. एकेचाळीस करकोचे तिथून पुन्हा उठले नाहीत. त्यांत शलाकेची आई होती.

म्हणून सारंग नावाच्या तरण्या करकोच्याने नवी रीत मांडली तेव्हा दिगंबरने विरोध केला नाही. पुढच्या महिन्याचा वारा कुणी पाहिलेला नाही, मग एवढी लांब रेघ ओढायचीच कशाला, असे सारंगचे म्हणणे होते. सात दिवसांची एक झेप घ्यायची, तीत रोज रात्रीपुरते टेकायचे, झेप संपली की सभोवार पाहायचे आणि मग पुढची झेप ठरवायची. रोज सकाळी सगळ्यांनी वर्तुळात उभे राहून तीनच गोष्टी सांगायच्या: काल किती उडालो, आज किती उडणार, आड काय येते. बोलणे लांबू नये म्हणून उभे राहायचे ते एका पायावर. हे ऐकून घेतल्यावर दिगंबर नदीकाठी गेला आणि त्याने आपली रेघ स्वतःच्या पायांनी पुसून टाकली.

रीत खरोखरच चांगली होती. कोणत्याही रेघेत कधी नव्हती अशी पाणथळे थव्याला सापडली. त्या वर्षी कुणी तहानेने गेले नाही, पुढच्या वर्षीही नाही. ही रीत आधी सुचली असती तर शलाकेची आई आज असती, असे दिगंबरला पाणी पिताना हटकून वाटे.

शलाका थव्याच्या टोकाशी उडे. वाऱ्याचा पहिला मार तिथे बसतो. हळूहळू झेपांची मापे घेतली जाऊ लागली. मागच्या झेपेपेक्षा ही किती लांब, हे सकाळी वर्तुळात सांगितले जाई आणि अंतर वाढलेले असले की सगळे माना उंचावून साद घालत. एक झेप संपे त्याच सकाळी दुसरी सुरू होई. अंग टाकायचे दिवस रेघेबरोबरच पुसले गेले होते. ते कुणी मुद्दाम काढले होते असे नाही.

तिसऱ्या वर्षी एका सकाळी शलाका म्हणाली की तिच्या डाव्या पंखात कळ येते. सारंगने आस्थेने विचारपूस केली आणि वर्तुळाच्या मध्यभागी एक खडा ठेवला. आड येणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा असा खडा ठेवायचा आणि ती दूर झाली की तो उचलायचा, असा नेम होता. थवा उडाला. खडा तिथेच राहिला. पुढच्या मुक्कामी तिने पुन्हा सांगितले, पुन्हा खडा ठेवला गेला. त्यानंतर ती रोज सांगू लागली, आड काही येत नाही.

दिगंबरने तिला बाजूला घेतले. तिचा पंख अंगाशी मिटत नव्हता.

"खरं का सांगत नाहीस?" त्याने विचारले.

"आबा, एका पायावर उभं राहून किती सांगणार? बाकीचे ताटकळतात."

समोर शेवटची डोंगररांग होती. तिच्यावर दोन दिवस कुठेही पाय टेकायला जागा नाही, हे थव्यात आता एकट्या दिगंबरच्याच हिशेबात होते. म्हणून तर त्याच्या रेघेत तिच्या अलीकडे चार दिवसांचा मुक्काम असे. दुसऱ्या सकाळी आपली पाळी आल्यावर त्याने विचारले की अजून एकूण किती जायचे आहे.

"एकूण किती ते कशाला हवं, काका?" सारंग मऊपणे म्हणाला. "आज कुठवर, तेवढं बघू."

दिगंबरला डोंगर सांगायचा होता. चार दिवस थांबा, एवढेच म्हणायचे होते. पण रेघ हा शब्द ओठाशी येताच त्याला तो भेगाळलेला चिखल दिसला. ज्याच्या शब्दावर एकेचाळीस जण उतरले होते, त्याने आता कोणत्या तोंडाने सांगावे? शेजारी शलाका त्याच्याकडे पाहत होती. तो म्हणाला, आड काही येत नाही.

थवा उडाला. दुसऱ्या दिवशी, दुपारच्या लख्ख उन्हात, शलाकेचा डावा पंख हवेतच मिटला. ती खाली कोसळली. तिच्या मागच्याने पुढे होऊन टोक सांभाळले, कारण टोक मोकळे ठेवता येत नाही. दिगंबर तेवढा खाली वळला. दरी इतकी खोल होती की तळ दिसला नाही. तो घिरट्या घालत राहिला, आणि अंगातले बळ सरत आल्यावर थव्यामागे गेला.

पलीकडे पाणी होते, निळे आणि अथांग. एवढ्या लवकर थवा तिथे कधीच पोचला नव्हता.

सकाळी वर्तुळ झाले. शलाका नेहमी दिगंबर आणि सारंग यांच्या मध्ये उभी राहत असे. सारंगचे डोळे सुजलेले होते. झेपेचे माप आजवरचे सर्वांत मोठे निघाले, असे त्याने खाली पाहून सांगितले. काही करकोच्यांच्या माना सवयीने उंचावल्या आणि तशाच राहिल्या. मग सारंगने मधली जागा पाहिली आणि तो अर्धे पाऊल डावीकडे सरकला. दिगंबरही, आपण काय करतो आहोत हे कळण्याआधी, अर्धे पाऊल उजवीकडे सरकला आणि त्याने एक पाय वर घेतला.